कप्तानांची पँट

सकाळी सव्वासातला, इस्पितळाच्या व्हरांड्यात माजी सैनिकांच्या काठ्या टकटकायला लागण्याआधी, तिचं पहिलं काम असायचं औषध काढण्याचं. शिशाच्या जाडजूड डब्यातून, शिशाच्या काचेआडून हात घालून, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून. बाकीच्या खात्यांतली औषधं कपाटात निवांत बसून असतात. हिच्या खात्यातलं औषध दर सहा तासांनी निम्मं होतं. सकाळचं संध्याकाळी अर्ध्याहून कमी, दुसऱ्या सकाळी नावापुरतं. त्यामुळे उशिरा येणाऱ्या माणसाचा तिला मनापासून राग यायचा, आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत तो वाढतच गेला होता.

काम नेमकं काय, असं कोणी विचारलं तर ती दोन वाक्यांत उरकायची. "एक्स-रेवाले माणसावर बाहेरून किरण सोडतात. आम्ही ते सुईनं माणसाच्या अंगात घालतो आणि यंत्र बाहेरून टिपतं." हाडात कुठे बिघाड असला की औषध तिथे जास्त गोळा होतं आणि पडद्यावर काळा ठिपका उमटतो. ठिपका कशाचा, ते डॉक्टरांनी सांगायचं. हिनं फोटो खरा काढायचा, एवढंच. म्हणून सैनिक तिला फोटोवाल्या बाई म्हणत. पाठीमागे आणखी काय म्हणत, तेही तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

गोड बोलणं तिला जमत नव्हतं. ही सगळी जन्मभर हुकूम सोडलेली नाहीतर झेललेली माणसं. त्यांच्याशी गोड बोलायला गेलं की ती डोक्यावर बसतात, असं तिचं पक्कं मत होतं. "इथे हुद्दा चालत नाही. पाणी प्या, लघवीला जाऊन या, कपडे काढा, हा झगा घाला आणि मग मी सांगेपर्यंत हलू नका." एकदा एका मोठ्या अधिकाऱ्यानं झगा घालायला नकार दिला, तर त्याला तिनं पाऊण तास दाराबाहेर बसवून ठेवलं होतं. शेवटी आला बिचारा झग्यात, उघड्या नडग्या घेऊन.

त्या मंगळवारी यादीतलं तिसरं नाव वाचलं आणि तिनं यादी टेबलावर पालथी टाकली. नाव तिच्या थोरल्या दिरांचं होतं.

दिरांना सगळी गल्ली कप्तान म्हणायची. निवृत्त झाले तेव्हा ते कप्तान होण्याच्या तीन पायऱ्या खाली होते, पण ही दुरुस्ती करायची छाती आजवर कोणाची झाली नव्हती. पँटला सुरीसारखी इस्त्री, बुटात तोंड दिसेल अशी चकाकी, आणि स्वभाव दोन्हींना साजेसा. अकरा वर्षांत ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्याआधीचे त्यांचे शेवटचे शब्द याच इस्पितळाच्या व्हरांड्यातले होते.

तिचा नवरा, म्हणजे कप्तानांचा धाकटा भाऊ, रक्ताच्या कॅन्सरनं गेला त्या दिवशीचे. सगळे नातेवाईक उभे होते. कप्तान तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिनं मारलं त्याला. रोज ती किरणं कपड्यांना लावून घरी यायची. हिच्या कपड्यांनी खाल्ला माझा भाऊ."

तेव्हा ती रडत होती, म्हणून तिनं उत्तर दिलं नाही. नंतर दिलं. डॉक्टरांची पत्रं दाखवली, खात्याच्या नोंदी दाखवल्या, चार शिकलेली माणसं मध्ये घातली. पण वेळेवर न दिलेल्या उत्तराला कोण विचारतं? निम्म्या नातेवाइकांनी मान डोलावली आणि तिच्या घरचं पाणी पिणं सोडलं. त्याचंही तिला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते एकाच गोष्टीचं. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती आणि काकांचं वाक्य तिनं ऐकलं होतं. पुढे वर्षभर तिनं आपले कपडे आईच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकले नाहीत. वेगळी बादली, वेगळी दोरी. बोलली काहीच नाही. मग एके दिवशी आपोआप सगळं पुन्हा एकत्र पडायला लागलं, आणि आईनंही विचारलं नाही. आता मुलीचं लग्न झालं होतं, सहावा महिना चालू होता. दोन महिन्यांनी ती बाळंतपणाला आईकडे येणार होती. तिच्यासाठी मागची खोली रिकामी करून रंगवूनही झाली होती.

आणि कप्तानांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं, आधी हाडांचा फोटो. हाडं स्वच्छ असली तर गाठ मुळासकट काढू, माणूस बरा होईल. हाडांत पसरलेलं असलं तर कापण्यात अर्थ नाही. गोळ्या, इंजेक्शनं आणि जेवढे दिवस मिळतील तेवढे. गुरुवारची यादी मंगळवारी पाचला बंद व्हायची, आणि पुढचा नंबर लागायचा थेट तीन महिन्यांनी.

खात्यातला दुसरा तंत्रज्ञ रजेवर होता.

"कोण टोचणार?" कप्तानांनी सकाळी सव्वानऊला भिंतीवरच्या पाटीला विचारलं.

"मी."

"दुसरं कोणी नाही?"

"आहे. सोमवारी येईल. थांबता?"

सोमवार गुरुवारनंतर येतो, हे कप्तानांना कळत होतं. त्यांनी बाही वर केली. बाहीची घडीसुद्धा मोजून मापून.

"भावाला कपड्यांनी संपवलं," ते पाटीला म्हणाले, "आता मला सुईनं."

"हात सैल सोडा. नाहीतर शीर सापडायची नाही आणि परत टोचावं लागेल. माझी काही हरकत नाही."

त्यांनी हात सैल सोडला. तिनं एका झटक्यात काम केलं. शीर छान होती, म्हाताऱ्याची. त्याचाही तिला राग आला.

तीन तासांनी, सव्वाबाराला, ते पाणी पिऊन, लघवीला जाऊन यंत्रापाशी आले. तिनं झगा पुढे केला.

"पँट काढा, हा घाला."

"तुझ्या खोलीतलं कापड मी अंगाला लावणार नाही."

"धुतलेलं आहे."

"माझा भाऊपण धुतलेलंच नेसवायचा तुला." याचा अर्थ काय, ते त्यांचं त्यांनाच कळलं नसावं, पण बोलून गेले. मग पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्या काढल्या, आणि इस्त्रीच्या पँटसकट फळीवर आडवे झाले. हात छातीला चिकटवून, टाचा जुळवून. झोपतानासुद्धा सावधान.

एरवी तिनं यंत्र चालू केलं नसतं. एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. पण त्या दिवशी तिला त्या माणसाशी आणखी एक वाक्य बोलायचं नव्हतं. मरा तिकडे, असं मनात म्हणाली, आणि बटण दाबलं.

वीस-पंचवीस मिनिटं यंत्राच्या दोन चौकोनी पाट्या, एक वरून आणि एक खालून, कप्तानांच्या अंगावरून गोगलगायीसारख्या सरकत राहिल्या. यंत्र थांबलं. फोटो बघितल्याशिवाय माणसाला उठू द्यायचं नाही, हाही तिचाच नियम. ती पडद्याकडे वळेपर्यंत कप्तान पट्टा बांधून दाराशी होते. तिला त्यांची पाठ दिसली आणि बरं वाटलं. "थांबा" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं. पुढचा रोगी फळीवर चढत होता.

दोन वाजता, डबा खाऊन झाल्यावर, तिनं कप्तानांचे फोटो उघडले. पाठीचा कणा स्वच्छ. बरगड्या स्वच्छ. खांदे या वयाला असावेत तसे. आणि उजव्या खुब्याशी हरभऱ्याएवढा, काळाकुट्ट ठिपका.

पहिल्या क्षणी तिच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. तिच्या मनात आलं, बरं झालं.

दुसऱ्या क्षणी ती खुर्ची ओढून पडद्याजवळ बसली. ठिपका फार काळा होता. कडा फार नीट होत्या. समोरून घेतलेल्या फोटोत ठळक दिसत होता, आणि पाठीमागून घेतलेल्यात जेमतेम. हाडात खोल बसलेली गोष्ट सहसा अशी एकाच बाजूनं तोंड दाखवत नाही. हा ठिपका हाडात नव्हता, हाडाच्या वर होता. कातडीवर. किंवा पँटवर.

औषध हाडांत जातं तेवढं जातं, उरलेलं लघवीतून बाहेर पडतं. त्या लघवीचा एक थेंब कपड्यावर पडला तर यंत्राला तो दिसतो, आणि यंत्राला हाड काय आणि कापड काय, सारखंच. त्यासाठी तर पँट काढायला लावायची! या चुकीवरून तिनं मागच्या महिन्यात एका शिकाऊ मुलीला रडवलं होतं.

खात्याचे डॉक्टर तिच्याहून वीस वर्षांनी लहान होते आणि तिला वचकून होते. वचकून असणारी माणसं संधी मिळाली की सोडत नाहीत.

"कपडे बदलले नव्हते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुम्ही? तुम्ही बदलायला लावले नाहीत?"

"नाही म्हटलं ना."

"त्या मुलीला तर तुम्ही..."

"डॉक्टर, ते नंतर ऐकून घेईन. आत्ता त्यांना परत बोलावू. स्वच्छ धुवून, झगा घालून, कमरेचा एक फोटो. पंधरा मिनिटांचं काम आहे."

डॉक्टरांनी फोन लावला. पलीकडचा आवाज तिला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला. "तिची खोली, तिचं औषध, तिचं यंत्र! एकदा आलो ते पुष्कळ झालं. परत येणार नाही आणि परत सुई घेणार नाही." फोन आपटल्याचाही आवाज आला.

"मला जे दिसतं ते मी लिहिणार," डॉक्टर म्हणाले. "खुब्यात संशयास्पद डाग. सर्जन हात लावणार नाहीत. नवीन सुई देऊन पुन्हा काढता येईल, पण ते तर नाही म्हणतात. आणि आजच्या सुईचं औषध उद्यापर्यंत..."

"उद्यापर्यंत काही उरणार नाही. हे मला सांगताय?"

"साडेचारपर्यंत थांबतो. त्यापुढे नाही."

"आणते त्यांना."

"आणता म्हणजे? तुम्ही जाणार?"

"दहा मिनिटांवर राहतात," ती म्हणाली. अकरा वर्षांत त्या दहा मिनिटांच्या रस्त्यावर ती एकदाही चालली नव्हती. दूध आणायलासुद्धा लांबच्या गल्लीनं जायची.

चालताना तिनं ठरवलं, माणूस नाही आला तर पँट तरी घेऊन यायची. पँट यंत्राखाली ठेवायची, तिच्यावर तोच ठिपका दिसला की काम झालं. कप्तानांचं तोंडही बघायला नको. या विचारानं तिला इतकी हुशारी आली की तिनं दाराची बेल दोनदा वाजवली.

मोठ्या जाऊबाईंनी दार उघडलं. हात कोपरापर्यंत ओले, पदर खोचलेला. अकरा वर्षांत त्या वाळून अर्ध्या झाल्या होत्या, जीभ मात्र होती तेवढीच होती.

"अगंबाई. वाट चुकलीस?"

"वहिनी, भाऊजींची सकाळची पँट कुठाय?"

"काय कुठाय?"

"पँट. सकाळी घालून आले होते ती."

जाऊबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अकरा वर्षांनी आलीस ते माझ्या नवऱ्याची पँट मागायला? भिजवली की. बादलीत आहे. हल्ली ते बाहेरून आले की पहिली पँटच भिजवते मी."

संपलं. साबणाच्या पाण्यात बुडालेल्या पँटचा काय फोटो काढणार? ती आत शिरली.

कप्तान खुर्चीत बसून बूट पुसत होते. तिला बघून ब्रश थांबला.

"ही इथे कशाला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तुमच्याशी बोलायला," तीच म्हणाली. "भाऊजी, फोटो चुकलाय. माझ्यामुळे चुकलाय. खुब्याशी एक डाग आलाय, तो मला हाडातला वाटत नाही. तो पँटवरचा आहे. डॉक्टर हाडातला म्हणून लिहितील, आणि तुमचं ऑपरेशन आज संध्याकाळी रद्द होईल. साडेचारच्या आत परत या, पँट न घालता एक फोटो काढू."

"पँटवर डाग?" कप्तान उठून उभे राहिले. आता ते तिच्याकडे बघून बोलत होते, भिंतीकडे नाही. "माझ्या पँटवर? कसला डाग?"

तिला गोड बोलता येत नव्हतं, हे मघाशी सांगितलंच. "लघवीचा," ती म्हणाली.

ब्रश तिच्या कानाजवळून जाऊन दारावर आपटला.

"तोंड सांभाळ! मी काय पाळण्यातलं पोर आहे? पस्तीस वर्षं वर्दी घातलीय मी. पँटवर सुरकुती दिसलीय का कधी कोणाला माझ्या? आधी भावाला खाल्लं, आता माझी अब्रू खायला आलीस!"

"असतो हो डाग," जाऊबाई मोरीतून म्हणाल्या.

"काय?"

"महिना दीड महिना रोज असतो. ह्यांना वाटतं मला कळत नाही." त्या हात पुसत बाहेर आल्या. "उगाच का आल्याआल्या भिजवते? दुखण्यानं होतं, त्यात एवढं ओरडायचं काय? मी बोलले का कधी कोणाला? आज विषय निघाला म्हणून बोलले."

कप्तान खाली बसले. ताठ माणूस वाकला की फार वाकतो. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि बुटाकडे बघत बसले. तिला एरवी हे बघून आनंद झाला असता. पण भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

"भाऊजी, उठा."

ते उठले नाहीत. बऱ्याच वेळानं वर बघितलं तेव्हा डोळ्यांत जुनी धार परत आली होती. इतका वेळ ते काय शोधत होते, ते तिला आत्ता कळलं.

"म्हणजे कपड्याला लागतं," ते सावकाश म्हणाले. "तुझं ते औषध. कपड्याला लागतं तर."

तिनं घड्याळाकडे बघितलं.

"अकरा वर्षं मी तेच म्हणतोय. तू म्हणायचीस, शक्यच नाही. डॉक्टरांची पत्रं काय, वह्या काय. आणि आज माझ्या घरात उभी राहून सांगतेस, थेंब कपड्याला लागला."

"तुमच्या अंगात ते औषध टोचलंय. म्हणून तुमच्या लघवीत ते आहे. माझ्या अंगात कोणी टोचत नाही. माझ्या कपड्यांना लागायचा प्रश्नच..."

"लागतं की नाही?"

"रोग्याच्या कपड्याला लागू शकतं."

"लिहून दे."

"काय?"

"लिहून दे, सही कर, मग येतो. वही आण गं," हे बायकोला. "लिही. किरणांचं औषध कपड्यांना लागतं, हे मी कबूल करते."

"रोग्याच्या कपड्यांना."

"रोग्याच्या नको."

"मग खोटं होईल ते."

"आत्ताच म्हणालीस लागतं, मग खोटं कसं? लिहायचं नसेल तर जा. ऑपरेशन माझं आहे, हाडं माझी आहेत. मला काय, मी कधी मरायला घाबरलो नाही."

"घाबरला नाहीत, पण मागे मी राहणार आहे," जाऊबाई म्हणाल्या. हे नवऱ्याला की जावेला, ते कळलं नाही. त्यांनी वही तिच्यासमोर ठेवली, वर पेन ठेवलं, आणि उभ्या राहिल्या. मिनतवारी केली नाही. त्या घरात ती पद्धत नव्हती.

साडेतीनला पाच मिनिटं कमी होती. तिनं पेन उचललं. हा कागद कुठेकुठे फिरेल, ते तिला लिहितानाच दिसत होतं. पहिल्यांदा कोणाच्या घरी, मग कोणाच्या, आणि शेवटी कोणाच्या हातात. ती मागची रंगवलेली खोलीही दिसली. तिला वाटलं, जाऊ द्यावं. तीन महिने गोळ्या खाऊ देत. पुढच्या खेपेला दुसरा तंत्रज्ञ असेल, दुसरी सुई घ्यायला तयार होतील, नाही झाले तर नाही. चूक म्हाताऱ्याची आहे, त्यानं झगा घातला नाही.

पण झगा घालायला लावणं हे त्यांचं काम नव्हतं. तिचं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी तिच्यावर घातलेला आळ खोटा होता, आणि आजची चूक खरी होती, आणि ही दोन्ही एकाच वहीत लिहायची वेळ तिच्यावर आली होती.

तिनं लिहिलं. 'किरणांचं औषध कपड्यांना लागतं, हे मी कबूल करते.' खाली सही, तारीख, हुद्दा. हुद्दा कप्तानांनी मुद्दाम लिहायला लावला.

"आता चला," ती म्हणाली. "आणि वाटेत माझ्याशी बोलू नका."

ते बोलले नाहीत. दोन हात अंतर ठेवून, मोजून पावलं टाकत आले. कागद शर्टाच्या खिशात होता, आणि खिशाचं बटण लावलेलं होतं.

इस्पितळात तिनं त्यांना साबण दिला, झगा दिला आणि दाराबाहेर उभी राहिली. "मांडी धुवा. पुढून, बाजूनं. दोनदा." आतून पाण्याचा आवाज आला. कप्तान झग्यात बाहेर आले तेव्हा तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. फळीवर आडवे झाले, टाचा जुळवल्या.

"हलू नका."

"मी हलत नसतो."

एकेक ठिपका पडद्यावर पडायला लागला. सकाळच्या सुईतलं औषध आता निम्म्याहून कमी उरलं होतं, त्यामुळे चित्र भरायला वेळ लागत होता. आधी नुसता भुरभुरीत पावडर सांडल्यासारखा धुरळा, मग त्यातून कमरेची हाडं, मग दोन्ही खुबे. ती खुर्चीत न बसता उभी होती. आणि तिला काय हवं होतं, हे तिला त्या मिनिटाला नीट सांगता आलं नसतं. ठिपका राहिला, तर तो हाडातलाच, तिची चूक नव्हती असं ठरणार होतं, आणि त्या कागदाला अर्थ उरणार नव्हता. ठिपका गेला, तर म्हातारा जगणार होता, आणि कागदही.

चौथ्या मिनिटाला उजवा खुबा भरला. डाव्यासारखाच. स्वच्छ.

पंधरा मिनिटं पुरी होईपर्यंत ती हलली नाही. कप्तानही हलले नाहीत.

"काय आलं?" यंत्र थांबल्यावर त्यांनी विचारलं. आवाज पहिल्यांदाच जरा खाली होता.

"डॉक्टर सांगतील."

"तुला दिसलं असेल ना?"

"मला सांगायची परवानगी नाही. कपडे घाला." हा नियम ती सगळ्यांना सांगायची, त्यांनाही सांगितला. त्यात तिला थोडी मजा आली, हेही खरं.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि चार वाजून वीस मिनिटांनी सर्जनला फोन केला. हाडं स्वच्छ आहेत, गुरुवार कायम ठेवा. मग त्यांनी तिच्यासमोर चूक नोंदवायचा कागद सरकवला. "लिहा, रोग्यानं कपडे बदलायला नकार दिला."

"नकार तर दिवसाला चारजण देतात."

"अहो, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. नोकरीची दोन वर्षं राहिलीत तुमची."

"माझ्या भल्याचं आज पुष्कळ झालं," ती म्हणाली आणि लिहिलं, 'कपडे बदलायला लावले नाहीत, व फोटो तपासण्यापूर्वी रोग्यास जाऊ दिले.' आज दुसऱ्यांदा सही केली. ही वाचून मात्र तिला लाज वाटली नाही.

संध्याकाळी सातला मुलीचा फोन आला. एरवी ती नऊला करायची. कुकरची दुसरी शिट्टी होत होती.

"आई, काकांनी ग्रुपवर फोटो टाकलाय. एका कागदाचा. खाली तुझी सही आहे."

"हो."

"तुझंच अक्षर आहे?"

"माझंच आहे."

"म्हणजे तू कबूल केलंस?" मुलीचा आवाज चढला. "सगळे लिहितायत ग्रुपवर. आत्या म्हणते, बघा, शेवटी तोंडानं वदलीच. मी इतकी वर्षं सगळ्यांशी भांडतेय, आई. माझ्या सासरी कोणी विचारलं तरी सांगते की असं काही नसतं. आणि तू लिहून देतेस? मला एक फोन नाही करावासा वाटला?"

"वेळ नव्हता."

"वेळ नव्हता!" मग तिचा आवाज उतरला. "आई, मी... बाळंतपण इथेच करावं म्हणतेय. सासूबाईपण म्हणत होत्या. तुझी नोकरी आहे, तुला दगदग."

तिनं गॅस बंद केला. अकरा वर्षांपूर्वीची ती वेगळी बादली तिला दिसली, आणि या वेळी तिच्याकडे ना पत्रं दाखवायचा धीर होता, ना वह्या.

"बरं," ती म्हणाली.

"नुसतं बरं?"

"काकांनी ग्रुपवर ऑपरेशनचं लिहिलंय का?"

"कसलं ऑपरेशन?"

"परवा आहे त्यांचं. बरे होतील म्हणतात."

"त्याचा इथे काय संबंध?"

"आज दोन वाजता ते रद्द झाल्यात जमा होतं."

मग मुलगी म्हणाली, "आई, थांब. ठेवू नकोस. मला नीट सांग काय झालं ते."

"नीट सांगायची ताकद माझ्यात आज नाही. काकूला फोन कर. तिनं सगळं बघितलंय, आणि ती कोणाचीच भीड ठेवत नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.